टर्मिनलमधून फोल्डरची विंडो: एका डॉटची कमांड आणि तिचे नखरे

प्रश्न असा आहे: टर्मिनलमध्ये काम करता करता आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत त्याचीच विंडो एका कमांडनं समोर आणायची आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर हे जमतं. कामाच्या लिनक्स मशीनवर मात्र फाइल मॅनेजरऐवजी कोड एडिटर उघडतो आणि सर्व्हरवर नुसती एरर येते. असं का होतं, आणि सगळीकडे चालेल असं काही करता येईल का?

थोडक्यात उत्तर आधी. मॅकवर ‘ओपन .’, विंडोजवर ‘एक्सप्लोरर .’ किंवा ‘स्टार्ट .’, लिनक्स डेस्कटॉपवर ‘एक्सडीजी-ओपन .’. मधली मोकळी जागा आणि शेवटचा डॉट दोन्ही महत्त्वाचे. डॉट म्हणजे ‘मी आत्ता आहे तो फोल्डर’. दोन डॉट दिले तर त्याच्या वरचा. (कमांड इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत आणि सगळी लहान. मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगितलं आहे.) एवढ्यावर ज्यांचं काम भागतं त्यांनी इथंच थांबायला हरकत नाही.

पण प्रश्नात ‘असं का’ आहे, आणि खरी गंमत तिथंच आहे. या कमांड स्वतः विंडो उघडत नाहीत, त्या निरोप देतात. मॅकवरचा फाइंडर किंवा विंडोजवरचा एक्सप्लोरर तुम्ही लॉगिन केल्यापासून मागे चालूच असतो. कमांड त्याला सांगते, ‘हा पत्ता घे आणि दाखव’, आणि लगेच परत येते. पुढं जे दिसतं ते त्या आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रामचं काम; तुमच्या टर्मिनलशी त्याचं नातं निरोपापुरतंच. हे एकदा डोक्यात बसलं की या विषयातले बहुतेक घोळ आपोआप उलगडतात.

उदाहरणार्थ मॅकवर ‘ओपन’ला उणे आणि मोठा डब्ल्यू दिला की कमांड समोरचा प्रोग्राम बंद होईपर्यंत थांबते. टेक्स्ट फाइल एडिटरमध्ये उघडून एडिट होईपर्यंत स्क्रिप्ट थांबवायची असेल तर हे छान. पण फोल्डरला हे लावलंत तर वाट फाइंडरच्या बंद होण्याची बघितली जाते, आणि फाइंडर बंद होतच नाही. विंडो बंद केली तरी स्क्रिप्ट ढिम्म. ‘माझं टर्मिनल अडकलं’ म्हणून आलेल्या दोघांची मी या एका अक्षरातून सुटका केली आहे.

विंडोजची तऱ्हा वेगळी. तिथं ‘एक्सप्लोरर’ निरोप देऊन परत येतो, विंडो व्यवस्थित उघडते, आणि एक्झिट कोड (कमांडनं शेवटी सांगितलेला निकाल; ० म्हणजे जमलं, बाकी काहीही म्हणजे फसलं) मात्र १ येतो. म्हणजे काम फत्ते आणि निकाल नापास. हाताने कमांड देताना हे कळतही नाही. मी एकदा विंडोजच्या आतल्या लिनक्समध्ये, म्हणजे डब्ल्यूएसएलमध्ये, एक स्क्रिप्ट लिहिली होती. ती रिपोर्ट तयार करायची, त्याच्या फोल्डरची विंडो उघडायची आणि शेवटच्या ओळीत तात्पुरत्या फाइल्स पुसून टाकायची. वरती ‘सेट -ई’ लावलेलं, म्हणजे कुठलीही कमांड फसली की स्क्रिप्टनं तिथंच थांबायचं. रोज विंडो उघडत होती, रिपोर्ट दिसत होता, सगळे खूश. काही आठवड्यांनी डिस्क भरली तेव्हा बघितलं तर एकाही दिवशी शेवटची ओळ चाललेली नव्हती. एक्सप्लोररच्या त्या १ वर स्क्रिप्ट रोज निमूटपणे मरत होती. तेव्हापासून स्क्रिप्टमध्ये एक्सप्लोररच्या ओळीपुढं ‘|| ट्रू’ (म्हणजे ‘फसलं तरी पुढं चल’) लिहिल्याशिवाय मी पुढं जात नाही.

सुडोचंही तसंच. ही कमांड दुसरी कमांड रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूझरच्या, नावाने चालवते. सिस्टिमच्या एखाद्या फोल्डरमध्ये फाइल हलवायची आहे, परवानगी नाही, म्हणून लोक ‘सुडो ओपन .’ देतात. विंडो उघडते, पण परवानगी काही वाढत नाही, कारण फाइंडर तुमच्याच नावाने चाललेला असतो. निरोप रूटने दिला म्हणून निरोप घेणारा रूट होत नाही. विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून ‘एक्सप्लोरर .’ दिलं तरी विंडो साधारणपणे नेहमीच्याच अधिकारांची येते. लिनक्सवर उलटा धोका. तिथं ‘सुडो नॉटिलस’ (नॉटिलस म्हणजे ग्नोम या डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर) खरोखर रूटचा फाइल मॅनेजर सुरू करू शकतो, आणि मग तुमच्याच होम फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या सेटिंग फाइल्स पडून राहतात. दुसऱ्या दिवशी तुमचा साधा फाइल मॅनेजर कुरकुर करतो ते यामुळं. ग्नोमवर याचा सरळ मार्ग ‘नॉटिलस ॲडमिन:///ईटीसी’ असा आहे. पासवर्ड विचारला जातो, फाइलींपुरते अधिकार मिळतात, आणि प्रोग्राम तुमच्याच नावाने चालतो.

आता सर्व्हरकडे. एसएसएचने (नेटवर्कवरून दूरच्या मशीनचं टर्मिनल देणाऱ्या प्रोग्रामने) दुसऱ्या मशीनवर गेलात की तिथं निरोप घ्यायला कोणी नसतं. डेस्कटॉप नाही, स्क्रीन नाही, विंडो कुठल्या स्क्रीनवर दाखवायची ते सांगणारं ‘डिस्प्ले’ (सगळी अक्षरं मोठी) हे व्हेरिएबल रिकामं. ‘एक्सडीजी-ओपन’ अशा वेळी टर्मिनलमध्ये चालणारा एखादा ब्राउझर शोधून बघतो. लिंक्ससारखा टेक्स्ट ब्राउझर तिथं असेल तर तुमचा फोल्डर अक्षरांच्या यादीच्या रूपात समोर येतो. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी चक्रावलो होतो. तोही नसला तर एरर. एसएसएचला उणे मोठा एक्स देऊन सर्व्हरवरचा फाइल मॅनेजर आपल्या स्क्रीनवर ओढून आणता येतो, पण अख्खा ग्राफिकल प्रोग्राम नेटवर्कवरून ओढायचा म्हणजे प्रत्येक क्लिकला जांभई द्यायची वेळ. मी तसं करत नाही. आपल्याच मशीनवरच्या फाइल मॅनेजरला सर्व्हरचा पत्ता द्यावा: ‘नॉटिलस एसएफटीपी://यूझर@सर्व्हर/फोल्डर’. केडीई डेस्कटॉपच्या डॉल्फिनलाही हे समजतं. मॅकच्या फाइंडरला एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली हाताळायची पद्धत) कळत नाही. तिथं सर्व्हरचा फोल्डर आपल्या मशीनला जोडून देणारं एसएसएचएफएससारखं काही बसवावं लागतं. ऑफिसच्या शेअर केलेल्या फोल्डरसाठी मात्र ‘ओपन एसएमबी://सर्व्हर/शेअर’ थेट चालतं.

टीमक्स (एकाच टर्मिनलचे अनेक पेन, म्हणजे भाग, करणारा आणि सेशन मागे चालू ठेवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर एक चकवा लक्षात ठेवा. सेशन एसएसएचवरून सुरू केलं आणि नंतर त्याच मशीनसमोर बसून त्याला जोडून घेतलं, तर जुन्या पेनमधल्या शेलकडे ‘डिस्प्ले’ची जुनीच किंमत राहते. समोर स्क्रीन आहे, माऊस हलतोय, आणि कमांड म्हणते डिस्प्ले सापडत नाही. नवा पेन उघडून तिथून कमांड द्या, बहुतेक वेळा चालते.

मग त्या कोड एडिटरचं काय? हे समजायला ‘एक्सडीजी-ओपन’ काय करतो ते बघावं लागेल. त्याचं नाव विचित्र आहे, पण निरर्थक नाही. एक्सडीजी म्हणजे एक्स डेस्कटॉप ग्रुप, २००० साली सुरू झालेल्या फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाचं जुनं नाव. लिनक्सवर ग्नोम, केडीई, एक्सएफसीई अशी वेगवेगळी बिऱ्हाडं आणि प्रत्येकाचा फाइल मॅनेजर निराळा: नॉटिलस, डॉल्फिन, थुनार, निमो, काजा. ‘एक्सडीजी-ओपन’ ही नुसती एक शेल स्क्रिप्ट आहे. कुठला डेस्कटॉप चालू आहे ते ती ओळखते आणि काम त्याच्या स्थानिक कमांडकडे सोपवते. ग्नोमवर ‘जिओ ओपन’, केडीईवर ‘केडीई-ओपन’, एक्सएफसीईवर ‘एक्सो-ओपन’.

आणि ही मंडळी फोल्डरला फोल्डर म्हणून खास वागणूक देत नाहीत. फोटोला जसा प्रकार असतो, पीडीएफला असतो, तसाच फोल्डरलाही एक माइम प्रकार असतो: ‘आयनोड/डिरेक्टरी’. या प्रकारासाठी कुठला प्रोग्राम नेमलाय ते बघायचं आणि त्याला हाक मारायची, एवढंच. आता काही कोड एडिटर इन्स्टॉल होताना आपल्या माहितीपत्रकात ‘मला फोल्डरही उघडता येतो’ असं लिहून ठेवतात. ते खोटं नाही, प्रोजेक्टचा फोल्डर त्यांना खरंच उघडता येतो. पण तुम्ही स्वतः कुठलाही प्रोग्राम नेमलेला नसेल तर सिस्टिम उमेदवारांतला एक उचलते, आणि तो एडिटर निघतो.

खात्री करायला ‘एक्सडीजी-माइम क्वेरी डिफॉल्ट आयनोड/डिरेक्टरी’ ही कमांड द्या. उत्तरात एका डेस्कटॉप फाइलचं, म्हणजे प्रोग्रामच्या त्या माहितीपत्रकाचं, नाव येईल. ते एडिटरचं असलं की चोर सापडला. दुरुस्ती: ‘एक्सडीजी-माइम डिफॉल्ट’, त्यापुढं हव्या त्या फाइल मॅनेजरच्या डेस्कटॉप फाइलचं नाव आणि शेवटी पुन्हा ‘आयनोड/डिरेक्टरी’. ग्नोमसाठी ते नाव ‘ऑर्ग.ग्नोम.नॉटिलस.डेस्कटॉप’ आहे आणि त्यातला नॉटिलसचा एन मोठा. इथंच लोक घसरतात: एन लहान टाकला तरी कमांड तक्रार करत नाही, आणि एडिटर पुन्हा हजर. डेस्कटॉप फाइल्स बहुधा ‘/यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स’मध्ये असतात, तिथून नाव कॉपी करा, आठवून टाइप करू नका. नेमणूक तुमच्या होममधल्या ‘.कॉन्फिग/माइमॲप्स.लिस्ट’ या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिली जाते, हवं तर तिथं जाऊन स्वतःच बदला.

आणखी एक गोष्ट: ‘एक्सडीजी-ओपन’ एका वेळी एकच पत्ता घेतो. दोन दिलेत तर दुसऱ्यावर हरकत घेऊन थांबतो. मॅकचा ‘ओपन’ कितीही घेतो, आणि ते वरदान आहे की शाप ते दिवसावर अवलंबून असतं. ‘ओपन’ हे छोटं नाव मॅकला नेक्स्टस्टेप या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून वारशात मिळालं. लिनक्सवर ते नाव बराच काळ भलत्याच कमांडनं अडवलं होतं: ती नवं व्हर्च्युअल टर्मिनल उघडून त्यात प्रोग्राम चालवायची. म्हणून जुन्या लिनक्सवर सवयीनं ‘ओपन .’ दिलं की कन्सोलचा फाइल डिस्क्रिप्टर मिळत नाही अशी अगम्य एरर येते. तुमच्या फोल्डरशी तिचा काडीचाही संबंध नाही.

फाइल मॅनेजरला थेट नावाने बोलावलंत, म्हणजे ‘नॉटिलस .’ वगैरे, तर दोन त्रास होऊ शकतात. तो आधी चालू नसेल तर टर्मिनल त्याच्यापाशी अडकून बसतं आणि जीटीकेच्या (नॉटिलसच्या विंडो काढणाऱ्या लायब्ररीच्या) इशाऱ्यांचा पाऊस तुमच्या ओळींवर पडत राहतो. वर टर्मिनल बंद केलं की विंडोही जाऊ शकते. आउटपुट आणि एरर दोन्ही ‘/डेव्ह/नल’कडे (येईल ते गिळून टाकणाऱ्या जागेकडे) वळवा, शेवटी ‘&’ लावा आणि सुरुवातीला ‘सेटएसआयडी’ जोडा; मग टर्मिनल आणि विंडो आपापल्या वाटेने जातात.

बऱ्याचदा नुसता फोल्डर नको असतो. त्यातली एक फाइल निवडलेल्या अवस्थेत दिसायला हवी असते, कारण तीनशे फाइलींमध्ये ती शोधत बसायचा कंटाळा. मॅकवर ‘ओपन’ला उणे मोठा आर द्या. नॉटिलस आणि डॉल्फिनला ‘--सिलेक्ट’. विंडोजवर ‘एक्सप्लोरर /सिलेक्ट,’ आणि लगेच पूर्ण पत्ता. तो स्वल्पविराम सजावटीचा नाही, तो नसेल तर काम होत नाही. कुठलाही डेस्कटॉप असला तरी चालेल असं लिनक्सवर हवं असेल तर डी-बसवर (प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात त्या वाहिनीवर) ‘ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.फाइलमॅनेजर१’ (एफ आणि एम मोठे) नावाची एक सेवा असते, तिच्या ‘शोआयटम्स’ला (एस आणि आय मोठे) हाक मारायची. ब्राउझरमध्ये डाउनलोड झालेल्या फाइलपुढचं ‘फोल्डरमध्ये दाखवा’ हे बटण लिनक्सवर हेच करतं. फक्त तिथं साधा पत्ता चालत नाही, ‘फाइल://’ने सुरू होणारा यूआरआय लागतो आणि मोकळी जागा ‘%२०’ अशी लिहावी लागते. फाइलचं नाव मराठीत असेल तर आणखी मजा: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटचं, त्यामुळं नुसता ‘क’ यूआरआयमध्ये ‘%ई०%ए४%९५’ होऊन बसतो. हे हाताने करू नका, पायथनच्या एका ओळीत होतं.

विंडोजवरचे सापळे छोटे आहेत पण पायात हमखास येतात. नावात मोकळी जागा आहे म्हणून तुम्ही ‘स्टार्ट’पुढं फोल्डर अवतरणचिन्हांत दिलात, तर फोल्डर न उघडता नवा कमांड प्रॉम्प्ट उघडतो आणि त्याच्या माथ्यावर तुमच्या फोल्डरचं नाव झळकतं. ‘स्टार्ट’ अवतरणातल्या पहिल्या गोष्टीला विंडोचं शीर्षक समजतो. उपाय म्हणजे आधी रिकामी अवतरणं द्यायची, मग पत्ता. दुसरा सापळा तिरप्या रेघेचा. लिनक्सच्या सवयीनं ‘एक्सप्लोरर’ला पुढच्या स्लॅशचा (/) पत्ता दिलात की तो गोंधळतो आणि डॉक्युमेंट्स किंवा असंच काहीतरी ठरलेलं उघडून मोकळा होतो. पत्ता चुकला तरी तो हेच करतो, एरर देत नाही. त्यामुळं भलताच फोल्डर समोर आला तर आधी पत्ता तपासा. पॉवरशेलमध्ये असाल तर ‘आयआय .’ ही दोन अक्षरांची कमांड मला सगळ्यांत आवडते. पूर्ण नाव ‘इन्व्होक-आयटम’, आणि पॉवरशेल मॅकवर किंवा लिनक्सवर चालवलं तर तीच कमांड तिथल्या ‘ओपन’ किंवा ‘एक्सडीजी-ओपन’कडे काम सोपवते.

शिवाय विंडोजचे काही फोल्डर पत्त्याने शोधायचे म्हणजे डोक्याला ताप. ‘एक्सप्लोरर शेल:स्टार्टअप’ दिलं की सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचा फोल्डर, ‘शेल:सेंडटू’ दिलं की राइट-क्लिकमधल्या ‘सेंड टू’चा. मॅकवर असाच फायदा लायब्ररीच्या बाबतीत होतो. २०११च्या लायनपासून होममधला लायब्ररी फोल्डर फाइंडरमध्ये लपवलेला असतो, पण ‘ओपन ~/लायब्ररी’ला (एल मोठा) तो मुकाट्याने उघडतो.

डब्ल्यूएसएलमध्ये ‘एक्सप्लोरर.ईएक्सई .’ असं शेपटासकट नाव द्यावं लागतं. २०१९च्या विंडोज १० आवृत्ती १९०३ पासून लिनक्सच्या बाजूचे फोल्डरही असे थेट उघडतात. विंडोमध्ये पत्ता दोन बॅकस्लॅश आणि ‘डब्ल्यूएसएल’ने सुरू होताना दिसतो. डॉटऐवजी दुसरा पत्ता द्यायचा असेल तर ‘डब्ल्यूएसएलपाथ -डब्ल्यू’मधून काढून घ्या, म्हणजे स्लॅशची दिशा आपोआप बदलते.

आता ‘सगळीकडे चालेल असं काही’. तयार एकच कमांड नाही, पण स्वतःचं फंक्शन पाच मिनिटांत होतं. माझ्या शेलच्या सेटिंगमध्ये ‘ओ’ नावाचं एकअक्षरी फंक्शन आहे. ते ‘यूनेम’ला सिस्टिमचं नाव विचारतं. डार्विन आलं, म्हणजे मॅक, तर ‘ओपन’. लिनक्स आलं तर आधी ‘/प्रॉक/व्हर्जन’मध्ये मायक्रोसॉफ्ट हा शब्द आहे का बघतं, असला तर डब्ल्यूएसएल समजून ‘एक्सप्लोरर.ईएक्सई’, नसला तर ‘एक्सडीजी-ओपन’. मिंगडब्ल्यू आलं, म्हणजे गिट बॅश, तर ‘स्टार्ट’, सिगविनवर ‘सिगस्टार्ट’. पत्ता दिला नाही तर डॉट धरायचा. आणि एसएसएचचं व्हेरिएबल भरलेलं दिसलं तर विंडोच्या नादी न लागता नुसता पूर्ण पत्ता छापायचा, तो मी आपल्या मशीनवरच्या फाइल मॅनेजरमध्ये चिकटवतो. पत्त्याभोवती अवतरणचिन्हं मात्र न चुकता लावा.

अशा फंक्शनमध्ये आधी तो पत्ता खरोखर फोल्डर आहे का हेही तपासावं, कारण यातल्या बहुतेक कमांडना फाइल दिली तर त्या ती ‘उघडतात’, आणि विंडोजवर बॅच फाइल उघडणं म्हणजे ती चालवणं. मॅकवर ‘.ॲप’ने संपणारा फोल्डर दिसायला फोल्डर असला तरी ‘ओपन’ त्याला प्रोग्राम म्हणून सुरू करतो. तिथं उणे मोठा आर वापरलात की तो नुसता दाखवला जातो. लूपमध्ये तर हे फंक्शन घालूच नका. प्रत्येक उपफोल्डर एकदा नजरेखालून घालावा म्हणून मी एकदा एका ओळीचा लूप लिहिला, उपफोल्डर किती आहेत ते न बघता एंटर दाबलं, आणि मग विंडोंची ती रांग संपेपर्यंत हात बांधून बसलो. कंट्रोल-सी दाबून उपयोग नव्हता, निरोप आधीच पोचले होते.

उलटी वाटही लागते: विंडो समोर आहे आणि टर्मिनल तिथं हवं आहे. विंडोजवर एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीतला पत्ता पुसून तिथं ‘सीएमडी’ लिहा आणि एंटर दाबा, कमांड प्रॉम्प्ट त्याच फोल्डरमध्ये उघडतो. मॅकवर ‘सीडी’ आणि एक मोकळी जागा टाइप करून फोल्डर माऊसने ओढून टर्मिनलमध्ये सोडा, पत्ता अवघड अक्षरांसकट नीट उमटतो. लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलमध्येही हे ओढून सोडणं चालतं.